जुन्या फोनातील आजी

विज्ञानाची साधने झपाट्याने जुनी होतात. त्यांत साठविलेल्या स्मृती मात्र जुन्या होत नाहीत. मन्नाएखेळ्ळीस आमच्या घरी ‘नोकिया ५३००’ हा २००६ साली निघालेला सरकता फोन अद्याप जपून ठेवला आहे. वरचा भाग सरकविला की अंकांच्या कळा दिसतात. गाण्यांसाठी कडेला निराळ्या कळा आहेत. कॅमेरा अवघा १.३ मेगापिक्सेलचा, तोही दिव्याविना. म्हणून आजीला अंगणात उन्हात बसवूनच तिचे छायाचित्र घ्यावे लागले. तिचे तेवढे एकच छायाचित्र आज आमच्यापाशी आहे. त्या बेताच्या भिंगाने निवड करावयास शिकविले. आता शेकडो चित्रे टिपूनही आपण ती क्वचितच पाहतो. विद्यार्थिमित्रांनो, घरातील जुना फोन भंगारात देण्यापूर्वी त्यातील आपली माणसे आधी उतरवून घ्या!