पूल पडण्याआधी बदलावा

पूलसुद्धा म्हातारा होतो. पण तो माणसासारखा कण्हत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदी आहे. ती महाबळेश्वरला उगम पावते. तिच्यावर मुंबई-गोवा रस्त्याचा दगडी कमानींचा पूल होता. तो इंग्रजांच्या राज्यात १९२८ साली बांधला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मोठा पूर आला आणि तो वाहून गेला. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या अंधारात नदीत पडल्या. सुमारे ४० माणसे गेली. शेजारचा नवा पूल जागेवर राहिला, पण मुंबईकडच्या गाड्या जुन्या पुलावरून जात होत्या.

मोठी माणसे म्हणतात, जुने दगडी काम फार भक्कम. ते खरे आहे. पण भक्कम म्हणजे अमर नव्हे. पुराचे पाणी पायाजवळची वाळू-माती उकरून नेते. वरून पूल छान दिसतो आणि खाली पोकळ होतो. या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती व धोका नाही असे ठरले होते. पण मे महिन्यात नदीला पाणी असते कितीसे? खरी परीक्षा आषाढ-श्रावणातच होते ना!

पुढे तिथे नवा पूल १६५ दिवसांत बांधला. ५ जून २०१७ ला तो सुरू झाला. एवढ्या लवकर पूल होतो, तर मग तो आधीच का बांधू नये? बैल गेला अन् झोपा केला, याला काय अर्थ? २०२५ च्या जूनमध्ये पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याचा लोखंडी पूलही असाच पडला. तिथेही माणसे गेली.

म्हणून मला असे वाटते की, प्रत्येक पुलावर तो बांधल्याचे साल मोठ्या अक्षरांत लिहावे. पूर ओसरला की पाया तपासावा. खांबावर लाल खूण करावी आणि पाणी तिथवर चढले की रस्ता बंद करावा, मग कितीही उशीर होवो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आपण भारा देत नाही, तसे म्हाताऱ्या पुलावर ट्रक घालू नयेत.

पालकांना नम्र विनंती, पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारा : आपल्या पुलाचे वय किती?

— इयत्ता ४ थी