माजघरावरून गेलेली तार

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील घरे रस्त्यावरून लहान वाटतात. आत शिरल्यावर त्यांची लांबी उमगते. पुढे दुकान, त्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची खोली. मधल्या भिंती दगड-चुन्याच्या, दीड हात जाडीच्या. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. अशाच एका घरात तीन पिढ्यांपासून धान्याची पेढी चालते.

इंटरनेटची जोडणी दुकानात घेतलेली. पेढीचे हिशेब आणि जीएसटीचे काम मात्र सुनेकडे, आणि तिचा संगणक मागच्या खोलीत. लहान मूल तेथे झोपते आणि तिला निवांत वेळ मिळतो तो रात्रीच.

वैशाखातील ती २० तारीख होती. मासिक ३ब विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस. कर भरण्याचे पान उघडे, चक्र फिरते, जोडणी तुटते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे चार वेळा झाले आणि बारा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी विवरणपत्र गेले. परंतु विलंब शुल्काचे दिवसाला ५० रुपये आणि कराच्या रकमेवर वार्षिक १८ टक्के दराने एका दिवसाचे व्याज लागले. रक्कम किरकोळ होती. बाऊजींना बोचला तो ‘विलंब’ हा शब्द.

“पेढीच्या नावाला आजवर उशीर लागला नव्हता,” जेवताना ते म्हणाले. “काम अखेरच्या रात्रीवर टाकले की असे होते.”

सुनेने मान खाली घातली. खरेदीची बिले बाऊजींच्या गादीजवळच्या फायलीतून तिला १९ तारखेच्या रात्री मिळाली होती, हे तिने सांगितले नाही.

मुलाने दुसऱ्याच दिवशी कारागीर बोलावला. त्याने दुकानात वेग मोजला: १०० पैकी ९२. मागच्या खोलीत तोच आकडा ४ वर आला. वायफायच्या लहरींना दोन जाड भिंती ओलांडाव्या लागत होत्या. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपाशी लवकर थकतात, २.४ च्या लहरी लांब पोहोचतात, पण त्यांचा वेग कमी. भिंतीत ओल मुरली की दोन्ही आणखी क्षीण होतात. कारागिराने सुचवले, “शेठ, मध्ये माजघरात एक पेटी बसवू. तासाभराचे काम आहे.”

बाऊजींनी तत्काळ नकार दिला. माजघराचा पूर्वेकडचा कोपरा त्यांच्या सामायिकाचा. अठ्ठेचाळीस मिनिटे ते तेथे कटासन पसरून बसतात. सामायिकात विजेच्या उपकरणाचा स्पर्शही वर्ज्य. तेथेच अहोरात्र दिवे मिचकावणारी पेटी ठेवायची? मुलगा चिडला. सून मात्र म्हणाली, “बाऊजींचे बरोबर आहे. माजघरात काहीच न ठेवता मागे जाता येणार नाही का?”

या एका प्रश्नाने वाट मोकळी झाली. कारागीर म्हणाला, “मग तार न्यावी लागेल. दुकानाच्या भिंतीला एक सॉकेट, मागच्या खोलीत दुसरा. माजघरावरून फक्त पाइप जाईल.”

ही तार म्हणजे कॅट ६ केबल. तिच्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. हा पीळ शोभेसाठी नसतो. शेजारच्या तारांतून व विजेच्या वाहिन्यांतून येणारा गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच पिळलेल्या जोडीचे पेटंट घेतले होते. आजही घराघरांतील जाळे त्याच युक्तीवर चालते. अशी केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते. या घराला १८ मीटर पुरेशी होती.

काम जेष्ठ सरण्यापूर्वी उरकायचे ठरले. चातुर्मासात खोदकाम, तोडफोड टाळण्याचा घराचा रिवाज. शिवाय पाऊस लागला की चुन्याच्या भिंतीला छिद्र पाडणे इष्ट नाही. तार मागच्या अंगणातून, बाहेरून नेणे सोपे होते. पण उघड्यावरची तार ऊन-पावसाने खराब होते आणि वीज चमकली की तिच्यातून येणारा झटका यंत्रे जाळू शकतो. म्हणून वाट ठरली माळ्यावरून. तेथे भिंत पातळ झालेली, आणि खालच्या भिंतीला हातही लावावा लागणार नव्हता.

ड्रिल सुरू होण्याआधी सासूबाई पुंजणी घेऊन शिडीखाली उभ्या राहिल्या. मुलाने माळ्यावरचा कोपरा हलक्या हाताने पुंजून घेतला. तुळईजवळ कुंभारीण माशीचे मातीचे घर निघाले. कारागीर ते खरवडणार, तोच बाऊजी म्हणाले, “छिद्र वीतभर सरकवा. तार वळते, तिला कुठे घाई आहे?” छिद्र सरकले. जयणा म्हणतात ती हीच.

पुढचे काम कारागिराने मनापासून केले. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल त्याने नाकारली; ती लवकर तुटते आणि सांध्याशी दगा देते. विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल घातली नाही. स्वतंत्र पाइप हातभर अंतरावरून नेला आणि जेथे विजेची तार ओलांडावी लागली तेथे काटकोनात ओलांडली. वळणे गोलसर ठेवली. सॉकेटमध्ये तारा बसवताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू दिला नाही आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवला. मग तपासणी यंत्र लावले. एकापासून आठपर्यंत दिवे क्रमाने लागले, तेव्हाच त्याने प्लेटचे स्क्रू आवळले. पाइपात एक सुताची दोरी त्याने मुद्दाम सोडून दिली. उद्या दुसरी तार न्यावी लागली तर पुन्हा भिंत फोडायला नको.

मागच्या खोलीत आकडा आला ९३. कारागिराने सांगितले, “तार वेग वाढवत नाही, शेठ. दुकानात जेवढा येतो तेवढा मध्ये न गळता पोहोचवते. फोन वायफायवरच चालू द्या. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला तार.”

गळती! हा शब्द व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बाऊजी काही वेळ त्या पांढऱ्या प्लेटकडे पाहत राहिले. ९२ आणि ४. त्या रात्री सून ज्या खोलीत बसली होती, तेथे चारच पोहोचत होते. मग ते दुकानात गेले, गादीजवळची फाईल उघडली आणि बिलांच्या तारखा पाहिल्या. महिन्याच्या आरंभाची बिलेही त्यांच्याच हाताखाली पडून राहिलेली.

त्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. “सूनबाई, तारेतली गळती कारागिराने काढली. बिलांची गळती माझ्याकडे होती. न पाहता बोललो. मिच्छामि दुक्कडम्.”

ती गडबडली. “बाऊजी, संवत्सरीला अजून वेळ आहे.”

“तोवर व्याज कशाला वाढवायचे?” ते म्हणाले.

आषाढात बिले १० तारखेलाच मागच्या खोलीत पोहोचली. विवरणपत्र १८ ला गेले. बाहेर पाऊस लागला होता, भिंती ओल धरू लागल्या होत्या. माजघरात बाऊजी सामायिकात बसले होते. तेथे ना पेटी, ना दिवा, ना आवाज. त्यांच्या डोक्यावरून, माळ्याच्या अंधारातून, पेढीचा सारा हिशेब निमूट चालला होता, आणि तुळईजवळचे मातीचे घर जागच्या जागी होते.