दोन सेकंद की पाण्याची बाटली?



६ मे २०२३, शनिवार. दुपारी डॅलसजवळच्या ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये एक माणूस रायफल घेऊन गाडीतून उतरला आणि आठ जणांचा जीव घेतला. त्यात तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. आपल्यातली कितीतरी मराठी कुटुंबं याच मॉलमध्ये मुलांचे बूट आणि थंडीचे कपडे घ्यायला जातात. त्या दिवशी वेगळ्याच कामासाठी तिथे आलेला एक पोलीस गोळ्यांच्या आवाजाच्या दिशेने धावला आणि त्याने मारेकऱ्याला संपवलं. तो नसता तर आकडा आठवर थांबला नसता. हे पत्रक लिहिताना तो पोलीस आमच्या डोळ्यांसमोर आहे. आमचं भांडण त्याच्याशी नाही, त्याला ज्या पेचात उभं केलं आहे त्या पेचाशी आहे.

तो पेच असा. टेक्सासमध्ये खांद्याला रायफल लावून भर रस्त्याने चालणं गुन्हा नाही. त्याला परवाना लागत नाही, पूर्वीही लागत नव्हता. पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा २०१६ मध्ये परवानाधारकांना मिळाली आणि सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांसाठी परवान्याची अटही गेली. लोकांना धास्ती बसावी अशा हेतूने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र दाखवणं मात्र याच राज्यात गुन्हा आहे. म्हणजे रायफल तीच, रस्ता तोच, माणूसही तोच, पण त्याच्या मनात काय आहे यावर तो सज्जन की गुन्हेगार हे ठरणार. आणि ते मन वाचायचं कोणी? तर फोन आल्यावर गाडी दामटत पोहोचलेल्या पोलिसाने, काही क्षणांत, शंभर फुटांवरून.

न्यायालयंही त्याला फारशी मदत करत नाहीत. गुन्ह्याचा सकारण संशय असल्याशिवाय माणसाला अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या टेरी खटल्यात ठरवून दिलं. ओहायोत टोलेडोला कुत्रा फिरवायला निघालेल्या एकाच्या कमरेला पिस्तूल दिसलं म्हणून पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. ते प्रकरण अपिलात गेलं तेव्हा २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की जिथे उघडपणे शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे तिथे नुसतं शस्त्र दिसलं हा संशय होऊ शकत नाही. कायद्याच्या तर्काने हे बरोबरच आहे. पण मग पोलिसाच्या हाती उरतं काय? अंदाज. आणि अंदाज बांधताना माणूस समोरच्याची कातडी बघतो, कपडे बघतो, वस्ती बघतो. हे आम्ही हवेत बोलत नाही.

त्याच ओहायोत, टोलेडोच्या निकालाच्या आदल्या वर्षी, ५ ऑगस्ट २०१४ रोजी, डेटनजवळच्या बीव्हरक्रीक गावात जॉन क्रॉफर्ड नावाचा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण वॉलमार्टमध्ये गेला. फळीवर खोक्याबाहेर पडलेली छर्ऱ्याची बंदूक त्याने उचलली आणि फोनवर बोलत तो दुकानात हिंडत राहिला. बंदूक दुकानातली, विक्रीची. कोणीतरी ९११ ला फोन केला, की हा लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि त्यांनी गोळ्या घातल्या. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात तो शेवटपर्यंत फोनवर बोलताना दिसतो, बंदुकीची नळी जमिनीकडे. ती खरी रायफल असती तरी ओहायोच्या कायद्याने ती हातात असणं हा गुन्हा नव्हता. ग्रँड ज्युरीने कोणावरही आरोप ठेवला नाही.

साडेतीन महिन्यांनी क्लीव्हलँडमध्ये तामीर राईस. वय १२. बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. फोन करणाऱ्याने सांगितलं होतं, की बंदूक बहुधा खोटी असावी, मुलगाही अल्पवयीन दिसतो. हे दोन शब्द गस्तीवरच्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांनी गाडी थेट त्या मुलाच्या अंगावर नेऊन उभी केली, दार उघडलं आणि दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली. दोन सेकंदांत आपण मुलाला पूर्ण नावानेही हाक मारू शकत नाही.

आता दुसरं चित्र बघा. २५ ऑगस्ट २०२०, विस्कॉन्सिनमधलं केनोशा शहर. दंगलीची रात्र. १७ वर्षांचा गोरा मुलगा काइल रिटनहाउस एआर-१५ रायफल गळ्यात अडकवून रस्त्यावर उभा. चिलखती गाडीतले पोलीस त्याला आणि त्याच्याबरोबरच्या सशस्त्र लोकांना पाण्याच्या बाटल्या देतात, लाउडस्पीकरवरून त्यांचे आभार मानतात. संचारबंदी लागू असताना! थोड्या वेळाने त्या मुलाच्या गोळ्यांनी दोघे मरतात, एक जखमी होतो. तो हात वर करून, रायफल तशीच गळ्यात ठेवून, पोलिसांच्या गाड्यांकडे चालत येतो. लोक ओरडून सांगतात, यानेच गोळ्या झाडल्या. गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून जातात. तो घरी जातो. पुढे ज्युरीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मानून त्याला निर्दोष सोडलं. तो निकाल आम्ही इथे उकरून काढत नाही. आमचा प्रश्न निकालाआधीच्या रात्रीचा आहे. शरण येणाऱ्या मुलाला गोळी घातली नाही हे उत्तमच झालं. हाच धीर बारा वर्षांच्या तामीरच्या वाट्याला का आला नाही?

पोलिसांचा हात आखडल्यानेही माणसं मरतात, हेही तितकंच खरं. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये एका बाईने शेजारी रायफल घेतलेला माणूस बघितला आणि ९११ ला कळवलं. पलीकडून तिला सांगितलं गेलं, की या राज्यात उघडपणे बंदूक बाळगायला मुभा आहे. काही मिनिटांत त्याच माणसाने तिघांना ठार केलं. तिचं काय चुकलं? फोन घेणाऱ्याने तरी कायद्यात होतं तेच सांगितलं.

आपल्या स्वतःच्या शहरात तर याचा पुरता अनुभव घेऊन झाला आहे. ७ जुलै २०१६ च्या रात्री डॅलसच्या मध्यवर्ती भागात मोर्चा चालू असताना एका मारेकऱ्याने पाच पोलिसांना ठार केलं. मोर्चात वीस-तीस माणसं खांद्याला रायफली लावून कायदेशीरपणे चालत होती. ‘सज्जनाच्या हातात बंदूक असली की दुर्जनाला जरब बसते’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्या रात्री मारेकऱ्याला त्या रायफलींपैकी एकीनेही अडवलं नाही. उलट त्यांच्यातल्याच एकाचा, मोर्चाच्या आयोजकाच्या भावाचा, फोटो पोलिसांनी संशयित म्हणून साऱ्या जगाला दाखवला. बिचारा आपली रायफल स्वतःहून पोलिसाच्या हवाली करून मोकळा झाला होता. अशा गडबडीत त्याला कोणी टिपलं असतं तर? तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर उघड सांगितलं, की गोळीबार सुरू झाल्यावर रायफली घेतलेले लोक धावू लागले की त्यातला मारेकरी कोण हे आम्हाला कळत नाही. पाच सहकारी गमावलेल्या अधिकाऱ्याचे हे शब्द. टेक्सासच्या विधिमंडळाने ते ऐकले, आणि पाच वर्षांनी पिस्तुलाचा परवानाही काढून टाकला.

‘पिस्तूल चालतं मग रायफलचंच वावडं का?’ असं आपल्यातलेही काही जण विचारतात. गस्तीवरचा पोलीस अंगात घालतो ते मऊ चिलखत पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही. रायफल दिसली की आपलं जाकीट निरुपयोगी आहे, हे त्या पोलिसाला पक्कं माहीत असतं. त्याची भीती खोटी नाही. आणि घाबरलेल्या माणसाचं बोट चापावर लवकर जातं. गर्दीत रायफल मिरवणारा माणूस स्वतःचा हक्क बजावत असेल, पण जोखीम तो शेजारच्या प्रत्येकाच्या पदरात टाकत असतो.

शिकाऱ्याला आमचा विरोध नाही. रानात, शेतावर, नेमबाजीच्या रेंजवर बंदूक असू दे, गाडीत पेटीबंद असू दे. भाजीच्या दुकानात, मोर्चात, नगरसभेच्या दारात तिचं काम काय? तिथे ती फक्त बोलण्याचं काम करते, आणि ती जे बोलते ते सगळ्यांना कळतं. ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगनच्या विधानभवनात लोक रायफली घेऊन प्रेक्षक सज्जात उभे राहिले, खाली काही सदस्य चिलखत घालून कामकाजाला बसले. त्या इमारतीत निषेधाचे फलक आत न्यायला मनाई होती, रायफलीला नव्हती! पुढच्या जानेवारीत ती नियमावली बदलावी लागली.

उघड्या रायफलीवर बंदी घालणं अमेरिकेच्या रक्तातच नाही असं कोणी म्हणालं तर त्याला १९६७ ची आठवण करून द्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवत. २ मे रोजी ते सॅक्रामेंटोच्या विधानभवनात बंदुकांसह शिरले. जुलै संपायच्या आत भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक जागी फिरायला बंदी करणारा मलफर्ड कायदा झाला आणि त्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदूक ज्यांच्या हातात नको वाटते त्यांच्या हातात दिसली, की या देशाला एका उन्हाळ्यात कायदा करता येतो.

आता आपल्या घरात येऊ. एच-१बी व्हिसावर आलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, संघराज्याचा कायदा बंदूक बाळगूच देत नाही. म्हणजे रस्त्यावरच्या या ‘हक्का’त आपल्यातल्या हजारोंना वाटा नाही, जोखमीत मात्र पूर्ण वाटा आहे. आणि आपली मुलं? सावळ्या रंगाचा, उंच वाढलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेला चौदा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्टची बंदूक घेऊन गल्लीत उतरला तर पलीकडच्या खिडकीतून तो कोणासारखा दिसेल? क्रॉफर्डसारखा की रिटनहाउससारखा? या प्रश्नाचं खरं उत्तर प्रत्येक आईबापाने स्वतःला द्यावं. ‘आपण मॉडेल मायनॉरिटी, आपल्याला काही होत नाही’ ही समजूत आता सोडा. ९११ वरच्या आवाजाला तुमची पदवी ऐकू येत नाही.

मग पोलिसांनी करायचं काय? शस्त्रं बाळगण्याबाबत टेक्सासने शहरांचे हात बऱ्याच अंशी बांधून ठेवले आहेत. पण पोलीस कसे वागतील हे ठरवणं शहरांच्या हातात आहे, आणि आमची मागणी तिथेच आहे. रायफलधारी माणसाबद्दल फोन आला की काय करायचं, याचा एकच लेखी नियम प्रत्येक शहराने करावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. फोन घेणाऱ्याने विचारावं: बंदूक खांद्याला आहे की हातात? नळी कुठे आहे? तो चालतोय, ओरडतोय, कोणाला धमकावतोय? फोन करणाऱ्याची शंकासुद्धा, ‘बहुधा खोटी असेल’ हे शब्दसुद्धा, जशीच्या तशी पुढे गेली पाहिजे. ‘मुभा आहे’ एवढं सांगून फोन ठेवता कामा नये, कोणीतरी जाऊन दुरून नजर ठेवलीच पाहिजे. पोहोचलेल्या पोलिसाने गाडी लांब लावावी, आडोसा घ्यावा, मोठ्याने बोलावं, वेळ काढावा. अंतर, आडोसा आणि वेळ हे पोलिसांच्याच प्रशिक्षणातले धडे आहेत. ‘कुठे निघालात?’ असं साधं विचारायला संशय लागत नाही, आणि समोरचा उत्तर न देता निघून गेला तर त्याच्यावर लक्ष ठेवायला कायदा आडवा येत नाही. नळी वर आली, बोट चापाकडे गेलं, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. युवाल्डीच्या शाळेत मारेकरी आत असताना ३७६ पोलीस जमूनही ७७ मिनिटं गेली, ते दुखणंही आम्ही विसरलेलो नाही.

जमावात सशस्त्र टोळ्यांशी दोस्ती नको. पाणी द्यायचं तर सगळ्यांना द्या, आभार कोणाचेच मानू नका. आणि अशा प्रत्येक प्रसंगी कोणाला अडवलं, कोणावर पिस्तूल रोखलं, कोणाला सोडलं, याची वंशासह नोंद ठेवा आणि दरवर्षी छापा. वाहन थांबवल्यावर चालकाच्या वंशाची नोंद करणं टेक्सासच्या पोलिसांना आजही बंधनकारक आहे, मग इथे अडचण काय?

राज्याकडे मागणी एकच: मोर्चे आणि सार्वजनिक सभांतून रायफल बाहेर काढा. मतदान केंद्रात टेक्सासचाच कायदा बंदूक येऊ देत नाही, म्हणजे तत्त्व मान्यच आहे. आपण ज्या मातीतून आलो तिथे निवडणूक जाहीर झाली की कितीतरी परवानाधारकांनाही आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. मत देताना बंदुकीची सावली नको, तर मत मांडतानाही नको.

हे पत्रक तुम्हाला पटलं असेल तर एवढं करा. घरातली एअरसॉफ्टची बंदूक आज रात्री कुलपात ठेवा आणि मुलांशी बोला. ९११ ला फोन करायची वेळ आली तर दिसलं तेवढंच सांगा, रंगवून एक शब्दही नको. तुमच्या शहराच्या नगरसभेच्या पुढच्या बैठकीला जा. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही, पोलीसप्रमुखांना विचारा की तुमचा लेखी नियम कुठे आहे. ज्यांना मत आहे त्यांनी आपल्या राज्य प्रतिनिधीला आत्ताच पत्र पाठवा. ऑस्टिनचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त १४० दिवस भरतं, आणि विधेयकं त्याच्या कितीतरी आधी लिहिली जातात. हे पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या, तो मराठी नसेल तर त्याला समजावून सांगा.

आपले,
डॅलस परिसरातील काही मराठी पालक