खोक्यावरचे आकडे आणि आपली बोटं

मेकॅनिकल गेमिंग कीबोर्डच्या खोक्यावर जेवढे आकडे छापलेले असतात, तेवढे माझ्या बारावीच्या मार्कशीटवरही नव्हते. दहा कोटी कीस्ट्रोक्स. आठ हजार हर्ट्झ. पंचेचाळीस ग्रॅम. ०.१ मिलिमीटर. एक कोटी अडुसष्ट लाख रंग. आणि गंमत म्हणजे यातला बहुतेक कुठलाच आकडा खोटा नसतो!

म्हणूनच तर फसायला होतं. खोटा आकडा कुणीतरी पकडतं, बोंब होते, कंपनीला उत्तर द्यावं लागतं. पण खरा आणि आपल्याला काहीही उपयोग नसलेला आकडा निवांत खोक्यावर बसून राहतो. त्याला पकडायला थोडा गुणाकार-भागाकार करावा लागतो. आता, तो करण्याचाच तर आपल्याला पगार मिळतो. डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणी 'सिस्टिम आठपट फास्ट झाली' म्हणालं, की आपण लगेच विचारतो, 'कशाच्या आठपट? आणि एकूण वेळेत त्या भागाचा वाटा किती?' सेल लागला की हाच प्रश्न आपण विसरतो आणि बोनसमधले पंधरा-वीस हजार एका खोक्यावर उडवून मोकळे होतो.

तर आज हाच प्रश्न कीबोर्डला विचारू.

सुरुवात दहा कोटींपासून. बऱ्याच स्विचवर पाच कोटी किंवा दहा कोटी कीस्ट्रोक्सचं आयुष्य लिहिलेलं असतं. समजा तुम्ही भयंकर टायपिंग करता, दिवसाला वीस हजार बटणं दाबता, आणि वर्षाचे तीनशे दिवस दाबता. झाले वर्षाला साठ लाख. इंग्रजी लिहिताना सगळ्यात जास्त मार खातो तो स्पेसबार, साधारण दर सहा दाबांमागे एक. म्हणजे वर्षाला दहा लाख. या हिशोबाने पाच कोटींचा स्पेसबार पन्नास वर्षं जाणार आणि दहा कोटींचा शंभर वर्षं. तुमचा नातूही रिटायर होईल हो! पाचावरून दहा कोटींवर जाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तर ते नक्की कुणासाठी?

बरं, कीबोर्ड मरतो तो कशाने? चहा सांडतो. यूएसबीचं सॉकेट सैल होतं. केबल मुळाशी तुटते. सोल्डर सुटतं. पावसाळ्यात खिडकीजवळ ठेवलेल्या बोर्डावर गंज धरतो. यातलं काहीही त्या दहा कोटींत मोजलेलं नसतं, कारण तो आकडा सुट्या स्विचचा असतो, आणि तोही मशीनने सरळ रेषेत दाबलेल्या. तेव्हा खोक्यावर वॉरंटी किती वर्षांची आहे आणि आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी वाचावं. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते तिथे कळतं.

दुसरा आकडा, आठ हजार हर्ट्झ. हा पोलिंग रेट, म्हणजे कॉम्प्युटर एका सेकंदात कितीदा कीबोर्डला विचारतो, 'काही नवीन?' जुने साधे कीबोर्ड १२५ हर्ट्झवर चालायचे, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक प्रश्न. १००० हर्ट्झला दर १ मिलिसेकंदाने, ८००० ला दर ०.१२५ मिलिसेकंदाने. बटण दाबल्यापासून पुढच्या प्रश्नापर्यंत सरासरी वाट पाहावी लागते ती याच्या निम्मी. म्हणजे १२५ वरून १००० वर आलात तर सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचले. १००० वरून ८००० वर गेलात तर अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी.

आता बाकीचा हिशोब मांडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर नवीन चित्र दाखवायला जवळजवळ ७ मिलिसेकंद घेतो, ६० हर्ट्झचा १६ च्या वर. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असला तरी घरच्या वायफायवर २० मिलिसेकंदांचं पिंग मिळालं की आपण खूश असतो. आणि शत्रू दिसल्यावर डोळा-मेंदू-बोट या आपल्या स्वतःच्या वायरिंगला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. या सगळ्यात अर्धा मिलिसेकंद वाचवणं म्हणजे पुणे-मुंबई प्रवासात बुटाची लेस आधीच बांधून वेळ वाचवण्यासारखं आहे. वेळ वाचतो, नाही असं नाही!

याउलट जो उशीर खरंच मोठा असू शकतो, तो खोक्यावर सहसा सापडत नाही. धातूचे दोन पत्रे एकमेकांना टेकले की लगेच शांत होत नाहीत, थोडे उडतात. एका दाबाचे दोन दाब मोजले जाऊ नयेत म्हणून फर्मवेअर काही मिलिसेकंद थांबू शकतं. शिवाय आतला कंट्रोलर बटणांच्या रांगा किती वेगाने तपासतो हेही पोलिंगपेक्षा वेगळं प्रकरण. डॅन लू या प्रोग्रॅमरने २०१७ साली बरेच कीबोर्ड स्वतः मोजले होते, बटण हलायला लागल्यापासून यूएसबीवर सिग्नल येईपर्यंत. आकडे निघाले साधारण १५ ते ६० मिलिसेकंद, आणि सगळ्यात वेगवान ठरला अ‍ॅपलचा वायरने जोडलेला साधा चपटा मॅजिक कीबोर्ड! कारण सरळ आहे. त्याचं बटण जेमतेम खाली जातं, त्यामुळे बोटाचा प्रवासच कमी.

इथून स्विचकडे वळू, कारण प्रवास हा स्विचचाच विषय. ढोबळ तीन जाती. लिनिअर सरळ खाली जातो. टॅक्टाइलला मध्ये एक छोटा उंचवटा लागतो. क्लिकीला उंचवटाही असतो आणि 'टक्क' असा आवाजही. लाल, तपकिरी, निळा ही नावं जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमुळे रुळली. ते पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि गॅटेरॉन, कैल्ह वगैरे चिनी कंपन्यांनी तसेच स्विच जोरात बनवायला घेतले. आपल्याला दोन-अडीच हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो तो त्यामुळेच, आणि त्यातले कित्येक उत्तम असतात.

पण रंग हे काही प्रमाण नाही. चेरीचा हिरवा क्लिकी, रेझरचाही हिरवा क्लिकी. मात्र पहिल्याला दाब लागतो ८० ग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्याला ५०. एक दाबताना करंगळी रडेल, दुसरा सहज जाईल. तेव्हा 'ब्लू स्विच आहे' एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. कुणाचा ब्लू ते विचारा. आणि 'मेकॅनिकल फील' किंवा 'सेमी-मेकॅनिकल' असं लिहिलेलं असेल, तर आत बहुधा रबराची मेम्ब्रेन आहे असं समजून चाला. मेम्ब्रेन वाईट नाही, फक्त मेकॅनिकलच्या भावात घेऊ नका.

ग्रॅमचंही तसंच. 'लाल, ४५ ग्रॅम' म्हणजे स्विच जिथे नोंद घेतो त्या ठिकाणचा दाब. आपण काही तिथे थांबत नाही, बटण तळापर्यंत आपटतो, आणि तिथे स्प्रिंग आणखी जोर मागते. 'स्पीड' स्विच २ ऐवजी १.२ मिलिमीटरला नोंद घेतो. बोट सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने खाली येतं असं धरलं, तर या ०.८ मिलिमीटरमध्ये ८ मिलिसेकंद वाचतात. आठ हजार हर्ट्झपेक्षा हे कितीतरी जास्त. पण किंमत अशी, की बटणावर नुसतं बोट टेकवून विचार करत बसलात तरी अक्षर उमटतं. टर्मिनलवर प्रॉडक्शनच्या मशीनला लॉगिन असताना हे फारसं सुखाचं नाही.

आता न्यायाने बोलायचं तर एक दावा खरोखर वजनदार आहे. मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्ट स्विच. एडविन हॉलने हा परिणाम शोधला १८७९ साली, आणि हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने त्यावर चालणारा कीबोर्ड आणला १९६८ साली. तेव्हा 'नवं तंत्रज्ञान' हे शब्द खोक्यावर वाचून गालातल्या गालात हसायला हरकत नाही :-) नवं आहे ते त्याचं वापरणं. लोहचुंबक किती खाली गेलाय हे सतत कळत असल्यामुळे नोंदीची जागा आपण ठरवू शकतो. आणि नेदरलँड्सच्या वूटिंगने लोकप्रिय केलेल्या 'रॅपिड ट्रिगर'मध्ये तर बोट वर यायला लागलं की त्याच क्षणी बटण सुटलं असं धरलं जातं. साध्या स्विचमध्ये ते ठरावीक उंचीपर्यंत वर यावं लागतं. ज्या गेममध्ये पळता पळता थांबून गोळी मारायची असते, तिथे हा फरक खरा आहे.

किती खरा? २०२४ च्या जुलैत रेझरने 'स्नॅप टॅप' आणलं. ए आणि डी दोन्ही दाबलेले असले तरी शेवटचं दाबलेलंच मानायचं, म्हणजे डावी-उजवीकडची पलटी कीबोर्डच अचूक करून देणार. पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर हा प्रकार बंद केला. वापरलात तर मॅचमधून बाहेर! मला यातून एक कसोटी मिळते. जे फीचर खेळाचा निकाल बदलू लागतं, त्यावर गेम बनवणारेच आक्षेप घेतात. आठ हजार हर्ट्झवर कुणी बंदी घातल्याचं ऐकलंय? दहा कोटी कीस्ट्रोक्सवर?

अर्थात मॅग्नेटिकमध्येही आकड्यांची शर्यत लागलीच. ०.१ मिलिमीटर म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. आता ०.०१ चे दावे येतात, म्हणजे कागदाचा दहावा भाग. एवढं बारीक सेटिंग ठेवलं तर नुसतं बोट थरथरलं तरी कॅरेक्टर अडखळतो, आणि माणूस मुकाट्याने आकडा वाढवून ठेवतो.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. आपल्यातले बहुतेकजण दिवसाचे आठ-नऊ तास कोड आणि ईमेल लिहितात आणि रात्री फार तर तासभर खेळतात. पण कीबोर्ड विकत घेतो तो त्या एका तासासाठी. हे उलटं करा. आठ तास बोटांना काय झेपतं ते आधी बघा, खेळ त्यात आपोआप भागतो. हलका टॅक्टाइल किंवा साधा लिनिअर बहुतेकांना पुरतो. क्लिकी घेण्यापूर्वी शेजारच्या डेस्कवरच्या माणसाचा आणि घरी रात्री झोपलेल्यांचा विचार करा. तो आवाज तुम्हाला संगीत वाटतो, त्यांना पत्र्यावरचा पाऊस. आठवड्यात चार रात्री मनापासून काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळत असाल, रँकची खरंच पर्वा असेल, तर मॅग्नेटिकला पैसे जरूर द्या. चांगला मॉनिटर आणि लॅनची वायर मात्र त्याच्या आधी.

आणि शक्यतो बोट लावून बघा. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार दोन-चार बोर्ड काढून दाखवतो. तिथे एक शब्द टाइप करून समाधान मानू नका, चांगला पाच मिनिटांचा परिच्छेद लिहा. डब्ल्यू, ए आणि स्पेस एकत्र दाबून तिन्ही उमटतात का बघा. ते जमत नसेल, तर हॉट-स्वॅप बोर्ड घ्या. त्यात स्विच उपटून दुसरे बसवता येतात, त्यामुळे निवड चुकली तरी अख्खा कीबोर्ड फुकट जात नाही.

बोटाला काय आवडेल हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, आणि छापताही येणार नाही. मिलिसेकंदांचा हिशोब कागदावर करा, स्विचचा बोटांवर सोडा. आणि त्या एक कोटी अडुसष्ट लाख रंगांचं म्हणाल, तर दिवे आवडत असतील तर खुशाल घ्या. आवडतात म्हणून घेतले असं सांगा, म्हणजे झालं. दिवाळीत आपण माळा लावतो तेव्हा कुठे कुणाला त्यांचा पोलिंग रेट सांगतो?