एका दिवसाचा सण एका दिवसाचाच राहू द्या

हल्ली वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कुणा ना कुणाच्या नावावर लागलेले असतात. 21 मे चहाचा, 3 जून सायकलीचा, मधेच कुठेतरी हसण्याचा आणि मिठी मारण्याचा. "तुम्हाला माहीत नसलेले दिवस" अशी यादी सकाळी सकाळी मोबाईलवर येऊन पडते. त्या दिवसांशी माझे काही भांडण नाही. त्यांना गाव नाही, देऊळ नाही, पाऊस नाही. ते कुठेही, कसेही साजरे करता येतात आणि न केले तरी कुणाचे अडत नाही. माझे भांडण आहे ते आपल्या घरच्या, खरोखरच्या एका दिवसाच्या सणांना त्या यादीत नेऊन बसवण्याशी. "गोव्याचे आगळेवेगळे, अपरिचित उत्सव" म्हणून यादी छापायची, मग "अपरिचित" म्हणून त्यांचा परिचय करून द्यायचा, आणि परिचय करून देण्यासाठी एका दिवसाचे तीन दिवस करायचे, असा हा धंदा चालू आहे.

माशेलचा चिखलकालो घ्या. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात भजन उभे राहते. चोवीस तास ते खंडत नाही. एक पथक उठते, दुसरे बसते, टाळ मात्र खाली ठेवला जात नाही. द्वादशीला भजनाची सांगता होते आणि मग रात्रभर जागलेली, उपास केलेली माणसे अंगाला तेल चोळून समोरच्या मैदानात उतरतात. आषाढाचा पाऊस, तुडवून तुडवून मऊ झालेली माती. त्यात मग बेडूकउड्या, पकडापकडी, कृष्णाने सवंगड्यांबरोबर खेळलेले म्हणून समजले जाणारे सगळे खेळ. खाऊ उधळला जातो, तो चिखलातूनच झेलायचा. शेवटी दहीहंडी फुटते. नाव कालो, म्हणजे गोपाळकाला. कुठल्याही भजनी सप्ताहाच्या शेवटी काला होतो तसाच हा. फक्त दह्यापोह्यांऐवजी इथे माणसेच एकमेकांत कालवली जातात. कोण महाजन, कोण पोदेर, कोण कॉलेजात शिकणारा पोर, हे चिखलाखाली ओळखू येत नाही.

आता यातला मुद्दा लक्षात घ्या. चिखल हा सण नव्हे, चिखल हा सणाचा शेवट आहे. चोवीस तासांच्या भजनाचे ते पारणे आहे. जागरणाने जड झालेले अंग त्या मातीत टाकण्यात जो मोकळेपणा आहे तो सकाळी साडेदहाला हॉटेलातून नाश्ता करून आलेल्या माणसाला कसा कळणार? त्याला चिखल मिळेल, कालो मिळणार नाही.

2023 साली पर्यटन खात्याने या कालोचा तीन दिवसांचा महोत्सव केला. 28 जून ते 30 जून. एकादशी 29 ला, कालो 30 ला. पुढेही तीच तऱ्हा. उद्घाटन, दीपप्रज्वलन, व्यासपीठ, मान्यवरांची भाषणे, सांस्कृतिक कार्यक्रम, आणि या सगळ्याच्या शेवटी द्वादशीचा कालो. खात्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: तिथीला त्यांनी हात लावलेला नाही. मातीत उतरायचे ते द्वादशीलाच. 2025 साली एकादशी रविवारी 6 जुलैला होती आणि कालो सोमवारी. पर्यटनाच्या हिशोबाने रविवार किती सोयीचा होता! तरीही कालो सोमवारीच झाला. एवढी लाज शिल्लक आहे हे बरे.

पण प्रश्न तिथीचा नाही, वजनाचा आहे. काल-परवापर्यंत या सणाचा गाभा देवळात होता आणि मैदान हा त्याचा आनंद होता. आता गाभा व्यासपीठावर गेला आणि भजन हे "कार्यक्रमांपैकी एक" झाले. ज्या दिवशी भजनाला कार्यक्रमपत्रिकेत ओळ मिळते, त्या दिवशी ते गाळताही येते हे आपल्याला कधी कळणार? पत्रिका छापणाऱ्याला वेळ कमी पडला की कात्री कशाला लागते हे गेली चाळीस वर्षे आपण बघतो आहोत. धालो बघा. पौषात मांडावर बायका रात्रीच्या रात्री खेळायच्या, त्याचे सरकारी व्यासपीठावर दहा मिनिटे झाले. दहा मिनिटांत रात्र कशी बसवणार? पण बसवली.

"एक दिवस काय आणि तीन दिवस काय" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी शिगम्याकडे बघावे. जुन्या काबिजादीतला धाकटा शिगमा पौर्णिमेला संपतो, नव्या काबिजादीतला थोरला पौर्णिमेला सुरू होतो. गावागावाचा रोमट कधी, कुठल्या मांडावरून निघायचा हे ठरलेले. आणि मिरवणुकीचा शिगमा? आज या शहरात, उद्या त्या शहरात, खात्याने वाटून दिलेल्या तारखांप्रमाणे जवळजवळ पंधरवडाभर फिरतो. पथकांना सोयीचे, बक्षिसांना सोयीचे, ट्रॅक्टरवर बसवलेल्या देखाव्यांना तर फारच सोयीचे. परिणाम असा की गावातली पोरे ऐन आपल्या मांडाच्या रात्री दुसऱ्याच शहरात ढोल वाजवत असतात, कारण तिथे रोख पारितोषिक आहे. मांड ओस आणि रस्ता भरलेला! याला लोककलेचे संवर्धन म्हणायचे असेल तर म्हणा. कार्निव्हालची गोष्ट तर याहून जुनी. 1965 पासून पणजीत चित्ररथ निघू लागले आणि इंत्रूज म्हणजे चित्ररथ हेच पुढच्या पिढ्यांनी धरले. सासष्टीतल्या वाड्यावाड्यांवर अंगणात होणारे खेळ कुणाच्या छायाचित्रात आले नाहीत, म्हणून ते इंत्रूजच नव्हेत असे झाले.

एक दिवस हा कमीपणा नाही, ती त्या सणाची ताकद आहे. कष्टाच्या माणसाला परवडतो तो एकच दिवस. आषाढात शेते सोडून तीन दिवस कोण बसेल? ज्याला तीन दिवस रिकामे आहेत तो बाहेरचा. म्हणजे सण तीन दिवसांचा केलात की तो आपोआप बाहेरच्याचा होतो, त्यासाठी आणखी काही करावे लागत नाही. गावकरी मग स्वयंसेवक होतो, बिल्ला लावून वाहने कुठे लावायची ते सांगत उभा राहतो.

आणि गोव्यात या एका दिवसाला दुसराही एक अर्थ आहे, जो इतरत्र नसेल. माशेलचा हा देव मुळात माशेलचा नव्हे. तो चोडणचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा मूर्ती नदीपार नेली गेली आणि मयेमार्गे ती माशेलला पोचली. माशेलात अशी इतर गावांतून आसऱ्याला आलेली दैवते कितीतरी आहेत. जमीन सुटली, देऊळ सुटले, तळी सुटली. बरोबर नेता आले ते काय? मूर्ती आणि तिथी. पळून जाणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात मावेल एवढेच. त्या तिथीकडे "अरे, एकच दिवस? वाढवूया की!" म्हणून बघणाऱ्याला ती कुठून आली हे कुणी सांगितलेले दिसत नाही.

कुंकळ्ळीचा छत्रोत्सव हे याचे सगळ्यात लखलखीत उदाहरण. 1583 साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी उठाव केला, त्याची किंमत मोजली, आणि शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. फाल्गुन पंचमीला ती आपल्या जुन्या गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, गुलालाने लाल झालेला रस्ता. त्या वांगडांतली कितीतरी घरे ख्रिस्ती झालेली, तरी त्यांचे मानपान त्या दिवशी आहेत ते आहेतच. चारशे वर्षे परक्या गावात राहिलेली देवी एका दिवसासाठी माहेरी येते, म्हणून तर माणसे अशी वेडी होऊन धावतात. उद्या कुणी याचा तीन दिवसांचा "छत्री महोत्सव" काढला तर देवीने पहिले दोन दिवस काय हॉटेलात उतरायचे?

ख्रिस्ती बांधवांच्या सणांची गतही वेगळी नाही. 24 जूनचा सांजांव हा मुळात वाड्यावरचा सण. डोक्यावर फुलापानांचे कोपेल, घुमटाच्या तालावर घरोघर फिरणे, विहिरीत उड्या, नव्या जावयाचे कौतुक. शिवोलीला होड्या सजवून नेतात तो थाट निराळाच. ज्या विहिरीत उडी मारायची ती कुणाच्या तरी अंगणातली असते, त्या घरचा मालक बाटली आणि फळे घेऊन उभा असतो. आता हॉटेलांच्या निळ्या तलावांवर तिकीट लावून सांजांव होतो. फुलेही प्लास्टिकची. तिथे घर नाही, मालक नाही, जावईही नाही. दिवाडीच्या बोंदेरांचेही तेच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर इतकी माणसे लोटतात की दिवाडीकराला आपल्याच गावी जायला फेरीबोटीच्या रांगेत ताटकळावे लागते. गावच्या सीमेवरून भांडणाऱ्या वाड्यांची आठवण म्हणून निघालेला हा बावट्यांचा सण! सीमा आता फेरीच्या धक्क्यावरच पुसली जाते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पावसाळ्यात पर्यटक कमी, गाडेवाले आणि टॅक्सीवाले रिकामे. समुद्रकिनारा आणि दारू यापलीकडचा गोवा लोकांना दिसायला हवा, हे तर आपणच ओरडून सांगत होतो. मग सरकारने ऐकले तर तक्रार का? तक्रार यासाठी की आम्ही "दाखवा" म्हटले होते, "वाढवा" म्हटले नव्हते. पाहुणा येऊ द्या. तो दारात चप्पल काढून, रात्री भजनाला मागे बसून, दुसऱ्या दिवशी मैदानात उतरत असेल तर माशेलकर त्याला कधी हाकलणार नाही. आपल्याकडे पाहुण्याचे असे काही वावडे नाही. पण पाहुण्यासाठी घराची भिंत पाडत नाहीत. शिवाय गर्दी म्हणजे यश हे समीकरण किती धोक्याचे आहे ते 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत कळले. चेंगराचेंगरीत भाविकांचे जीव गेले. गावचा रस्ता गावाच्या मापाचा असतो. माणसे किती आली याचे आकडे मिरवणाऱ्यांनी तो रस्ता एकदा चालून बघावा.

सरकारचा हात लागला की सगळे बिघडतेच असेही नाही. साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत छोट्या होड्या सोडतात. स्पर्धा आहे, बक्षिसे आहेत, सरकारी खात्यांची मदत आहे, पर्यटकही येतात. पण उत्सव एका रात्रीत उरकतो. होड्या करणाऱ्या पोरांनी घरी महिनाभर खपून जे केले ते त्या रात्री पाण्यात तरंगते, आणि सकाळी नदी पुन्हा नदी होते. तिथे कुणाला तीन दिवस करावेसे वाटले नाहीत, कारण पौर्णिमेचा चंद्र कुणाला कंत्राटावर देता येत नाही.

तेव्हा खात्याकडे मागायचेच तर हे मागावे. मंडप नको, व्यासपीठ नको. माशेलचे मैदान बाराही महिने उघडे आणि मातीचेच राहील, त्यावर फरशी किंवा वाहनतळ होणार नाही, एवढे लिहून द्या. त्या दिवशी येणाऱ्यांसाठी स्वच्छतागृहे आणि अंग धुवायला पाणी द्या. पहिल्या दोन दिवसांवर जो खर्च होतो त्यातून गावात पखवाज शिकवणारा एक माणूस वर्षभर पगारावर ठेवा. चोवीस तास भजन चालवायला पथके लागतात, पथकांना वाजवणारे लागतात, आणि वाजवणारे सहज मिळतात असे आता कुठल्याही गावात राहिलेले नाही. सांगतेपर्यंत टाळ खाली ठेवला गेला नाही तरच दुसऱ्या दिवशीच्या चिखलाला कालो म्हणता येईल. नाहीतर पावसाळ्यात चिखल काय, पणजीच्या रस्त्यांवरही असतो.