५४.२० मोठे की ५३.७८?

शिवाजी पार्कात डिसेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या वेळी सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी हे त्यांचे दोन शिष्य एकत्र दिसले. दादरच्या शारदाश्रमसाठी १९८८ मध्ये याच जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली होती. या दोघांचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो: कसोटीत कांबळीची सरासरी ५४.२०, तेंडुलकरची ५३.७८. मग सरस कोण?

एकूण धावांना फलंदाज किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागले की सरासरी मिळते. कांबळी १७ कसोटींत २० वेळा बाद झाला, धावा १,०८४. तेंडुलकर २०० कसोटींत २९६ वेळा बाद झाला, धावा १५,९२१. आता समजा, दोघेही आणखी पाच डाव खेळले आणि प्रत्येक वेळी शून्यावर बाद झाले. कांबळीची सरासरी ४३.३६ वर कोसळेल. तेंडुलकरची ५२.८९ होईल, म्हणजे एक धावही कमी होणार नाही. नमुना लहान असला की चार-पाच डावही सरासरीला जोराचा हेलकावा देतात.

कांबळीची कारकीर्दच याचा पुरावा आहे. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३. ब्रॅडमन यांच्या ९९.९४ पेक्षाही जास्त. पुढच्या दहा कसोटींत २९१ धावा, सरासरी जेमतेम २२. टोकाचा आकडा पुढे नेहमीच्या पातळीकडे सरकतो, हे संख्याशास्त्राला नवे नाही. पण ११३ जसे अपुऱ्या डावांवर उभे होते, तसेच २२ सुद्धा अवघ्या १३ डावांवर. नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. संघनिवडीत इतरही गोष्टी पाहिल्या जातात; मात्र केवळ या आकड्यांवरून तो तेंडुलकरपेक्षा सरस होता असे म्हणता येत नाही, आणि संपला होता असेही नाही.

आरोग्याच्या बाबतीत आपण हीच चूक करतो. ‘आमच्या चाळीत चौघांना या औषधाने गुण आला’ हा चार डावांचा हिशेब झाला. दवाखान्यात धावतपळत पोहोचल्यावर एकदाच मोजलेला रक्तदाब हा तर एकच डाव. म्हणूनच डॉक्टर घरी काही दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून नोंद ठेवायला सांगतात. साखरेसाठी दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी चाचणी करून घेतात. त्यामुळे एका आकड्याने घाबरून जाऊ नका, आणि एका चांगल्या आकड्यावर स्वतःहून गोळीही बंद करू नका. आधी विचारा: डाव किती झाले?