कायद्याची वाट कोणी बंद केली?

झारशाहीतल्या रक्तपाताचा विषय निघाला की रशियन समाज मुळातच हिंसक, त्याला लोखंडी हातच हवा, असे सहज बोलले जाते. पुरावा मात्र वेगळे सांगतो. १८७७ च्या जुलैत पीटर्सबर्गच्या तुरुंगात बोगोल्युबोव्ह या राजकीय कैद्याने शहराचे प्रमुख ट्रेपोव्ह यांच्यासमोर टोपी काढली नाही, एवढ्यावरून त्याला फटके मारण्यात आले. पुढच्या जानेवारीत या फटक्यांच्या सूडासाठी क्रांतिकारक वेरा झासुलिच अर्जदार म्हणून ट्रेपोव्ह यांच्या कचेरीत गेली आणि तिने त्यांच्यावर गोळी झाडली. खटला ज्युरीपुढे चालला. ज्युरीत बहुतेक सरकारी नोकर होते, गोळी कोणी झाडली याबद्दल वाद नव्हता, तरीही त्यांनी तिला निर्दोष ठरवले. गोळीइतकाच तो फटक्यांवरचाही निकाल होता. स्वतःच्याच नोकरवर्गाने दिलेला हा इशारा सरकारने ऐकायला हवा होता. त्याऐवजी काही आठवड्यांतच अशा खटल्यांतून ज्युरी काढून टाकली गेली आणि ऑगस्टमध्ये गुप्त पोलिसांचे प्रमुख मेझेन्त्सेव्ह भर रस्त्यात भोसकले गेले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १८६१ मध्ये भूदासांना मुक्त करणाऱ्या झार दुसऱ्या अलेक्झांडरलाच १८८१ मध्ये बॉम्बने मारले, तेही निवडलेल्या प्रतिनिधींचा समावेश असलेल्या सल्लागार आयोगांच्या योजनेला त्याने संमती दिली त्याच दिवशी. मारेकऱ्यांचा गुन्हा त्यामुळे हलका होत नाही. हिवाळी राजवाड्यातल्या त्यांच्या आधीच्या स्फोटात पहाऱ्यावरचे साधे शिपाई मेले होते. पण कट करणारे मूठभर होते. ती योजना बासनात गुंडाळण्याचा निर्णय नव्या झारचा होता आणि त्याची शिक्षा कटात नसलेल्या साऱ्या समाजाला झाली.

१८८१ नंतरच्या कडक बंदोबस्ताने निदान शांतता तरी आली का? १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे मारले गेले. तो कट रचणारा आझेफ पोलिसांचाच पगारी खबऱ्या होता. १९०६ मध्ये पंतप्रधान स्तोलिपिन यांनी दोन दिवसांत खटला आणि एका दिवसात फाशी, अशी लष्करी न्यायालये आणली. १९११ मध्ये कीवच्या नाट्यगृहात त्यांना गोळ्या घालणारा बोग्रोव्हही पोलिसांचा खबऱ्याच होता आणि आत जाण्याचा पास त्याला पोलिसांनीच दिला होता. उघड राजकारण बंद केलेल्या राज्याला आपले कोण आणि शत्रू कोण, हेही ओळखता येईनासे झाले. १८८१ च्या ऑगस्टमध्ये लागू केलेला आणीबाणीचा कायदा तीन वर्षांपुरता होता. मुदतवाढ मिळत मिळत तो १९१७ मध्ये झारशाही कोसळेपर्यंत चालला.